फोनवर ओरडणारा घर नेत नाही: कर्ज डोक्यावर असताना मुंबईतला फ्लॅट कसा टिकवायचा

आमच्याकडे एक काळ असा होता की दिवसाला तीसेक फोन यायचे आणि नवऱ्याने मोबाईल तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवला होता, म्हणजे वाजला तरी सासूबाईंना ऐकू जाऊ नये. भांडुपचा वन बीएचके, त्यावर होम लोन, शिवाय दोन क्रेडिट कार्डं, एक पर्सनल लोन, पतपेढीचं कर्ज, दोन ॲपवाले, सोसायटीचा सहा महिन्यांचा मेंटेनन्स, आणि माझ्या मामांकडून घेतलेले दीड लाख. नवऱ्याचं मंडप-लायटिंगचं काम २०२० च्या मार्चमध्ये जे थांबलं ते वर्षभर उठलंच नाही. मोरेटोरियम, म्हणजे हप्ते पुढे ढकलायची सवलत घेतली, मार्च ते ऑगस्ट, वाटलं चला सहा महिने सुटलो, पण व्याज चालूच होतं (व्याजावरचं व्याज नंतर थोडं परत आलं, मूळ व्याज मात्र अंगावरच राहिलं).

आमची खरी चूक वेगळीच होती. जो जास्त ओरडेल त्याला आम्ही आधी पैसे देत होतो. ॲपवाल्याने शिव्या दिल्या की त्याला नऊ हजार, कार्डवाल्याने ऑफिसात फोन केला की त्याला पाच. होम लोनवाली बँक बिचारी शांत, एक एसएमएस, एक पत्र, बस. ते पत्र फ्रीजवर लाईटबिलांच्या खाली पडलेलं होतं. आणि त्या सगळ्या गोतावळ्यात थेट घर नेऊ शकणारी तीच एकटी होती.

मी अकाउंट्समध्ये काम करते, दिवसभर दुसऱ्यांचे हिशोब बघते आणि स्वतःच्या घरचा हिशोब हा असा. तेव्हा खाली लिहिलंय ते आम्ही ज्या क्रमाने करायला हवं होतं त्या क्रमाने लिहिलंय, आम्ही केलं त्या क्रमाने नाही.

आधी वही काढा

मोबाईलमध्ये नको, कागदावर. कोणाचं देणं, किती बाकी, व्याज किती, तारण काय दिलंय, जामीनदार कोण, आणि किती दिवस थकलंय. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, पुढे कळेल का ते. बाकी रक्कम अंदाजाने लिहू नका, प्रत्येकाकडून स्टेटमेंट मागवा. क्रेडिट रिपोर्ट पण काढा, सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चौघांकडूनही वर्षातून एकदा फुकट मिळतो, त्यासाठी कोणाला पाचशे रुपये द्यायची गरज नाही. दोघा नवरा-बायकोचा काढा. आमच्याकडे नवऱ्याचं मला माहीतच नसलेलं एक कार्ड त्या रिपोर्टात निघालं, त्यावरून दोन दिवस अबोला, पण निघालं ते बरं झालं. नातेवाईकांचे पैसे आणि सोसायटीची थकबाकी रिपोर्टात दिसत नाही, ती आपली आपण लिहायची.

मग तीन ढीग करा

पहिला ढीग, ज्यांच्याकडे घर तारण आहे ते. होम लोन, त्यावरचा टॉप-अप (म्हणजे त्याच घरावर वाढवून घेतलेलं जादा कर्ज), घर गहाण ठेवून घेतलेलं धंद्याचं कर्ज. यांना घर विकण्यासाठी आधी दिवाणी कोर्टात केस जिंकावी लागत नाही, २००२ च्या सरफेसी कायद्याने त्यांना थेट अधिकार आहे. सहकारी बँकांनाही हा कायदा लागू आहे, सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये ते स्पष्ट केलंय, त्यामुळे 'आपली साहेबांची बँक आहे, काय करणार' असं समजू नका.

दुसरा ढीग, जे लांबच्या रस्त्याने घरापर्यंत पोचतात. इथे मुंबईकर हमखास फसतात कारण यातली मंडळी ओळखीची असतात. पतपेढी सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली उपनिबंधकांकडून वसुली दाखला घेते, आणि तो दाखला हातात आला की पगार आणि मालमत्तेवर जप्ती आणता येते, तुमच्याच नाही तर जामीनदाराच्याही. आमचा जामीनदार माझा दीर होता, म्हणजे आमच्यामुळे त्याचा पगार कापला गेला असता. हाऊसिंग सोसायटीलाही थकलेल्या मेंटेनन्ससाठी असाच दाखला मिळतो, आणि थकबाकीवर सरळव्याजही लावता येतं. सेक्रेटरीला लिफ्टमध्ये चुकवण्यापेक्षा एक अर्ज द्या, महिन्याला चालू बिल अधिक मागच्यातले दोन हजार असं लिहून, आमच्या कमिटीने एका मीटिंगमध्ये मंजूर केलं. चेक बाउन्स पण याच ढिगात, कारण तिथे प्रकरण फौजदारी होतं. कलम १३८ ची नोटीस आली की १५ दिवसांत पैसे भरायची संधी असते, ती नोटीस फ्रीजवर ठेवायची नाही. ऑटो-डेबिट बाउन्स झालं तरी तसाच कायदा लागतो, तेव्हा खात्यात पैसे नसताना सात-सात मॅन्डेट (खात्यातून परस्पर पैसे कापायच्या परवानग्या) चालू ठेवण्यात अर्थ नाही.

तिसरा ढीग, क्रेडिट कार्ड, पर्सनल लोन, ॲप. विनातारण. हेच सगळ्यात जास्त फोन करतात कारण त्यांच्याकडे दुसरं काही नाही. याचा अर्थ हे बुडवा असा नाही, ते आर्बिट्रेशनमध्ये, म्हणजे लवादाकडे, किंवा कोर्टात जाऊ शकतात आणि हुकूमनामा मिळाला तर तो मालमत्तेवरही बजावता येतो. पण त्याला वेळ लागतो, आणि तो वेळच तुम्हाला हवाय.

आता एक गोष्ट जी मला ब्रँचमधल्या एका भल्या बाईंनी हळूच सांगितली. ज्या बँकेचं होम लोन त्याच बँकेचं कार्ड किंवा पर्सनल लोन असेल तर ते तिसऱ्या ढिगात टाकू नका. एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी बुडायला लागलेलं थकीत कर्ज, हे कर्जदारावरून ठरतं, एकट्या खात्यावरून नाही, म्हणजे कार्ड ९० दिवसांच्या वर थकलं की त्याच बँकेतलं तुमचं नियमित चाललेलं होम लोनसुद्धा एनपीएत जाऊ शकतं. शिवाय त्याच बँकेतल्या बचत खात्यातून ते परस्पर पैसे वळते करू शकतात, पगार आला आणि दुपारपर्यंत गायब. म्हणून त्या बँकेचं कार्ड आधी मिटवा, आणि पगार शक्यतो जिथे काही थकलेलं नाही अशा खात्यात घ्या, तिथून होम लोनच्या खात्यात ईएमआयपुरते पैसे तारखेच्या आदल्या दिवशी टाका.

९० दिवसांचं गणित

हप्ता चुकला की पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू होते. ३० दिवसांपर्यंत एक पायरी, ६० पर्यंत दुसरी, ९० पर्यंत तिसरी, आणि ९० ओलांडले की खातं एनपीए. आणि एकदा एनपीए झालं की एखाददुसरा हप्ता भरून बाहेर येता येत नाही, सगळी थकबाकी भरल्याशिवाय खातं परत नियमित होत नाही. म्हणून ज्याचे तीन हप्ते थकायला आलेत त्याने उसनवारी करून का होईना पण निदान सगळ्यात जुना एक हप्ता त्या ९० च्या आत भरावा, म्हणजे मोजणी एक महिना मागे जाते. आम्ही ८४ व्या दिवशी माझ्या पाटल्या ठेवून भरला. सोनं बँकेत ठेवायचं, गल्लीतल्या सोनाराकडे नाही. आणि सावकाराकडे तर नाहीच. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, असा कोणी मागे लागला असेल तर सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार होते.

बँकेत जा, पण हिशोब करून जा

हप्ता चुकायच्या आधी गेलात तर ऐकून घेतात, तीन चुकल्यावर गेलात तर वसुलीच्या डिपार्टमेंटला पाठवतात. दोन्ही वेळा जायचंच, पण पहिली वेळ बरी. पगाराच्या स्लिपा, सहा महिन्यांचं स्टेटमेंट, नोकरी गेल्याचं पत्र किंवा हॉस्पिटलचं बिल, आणि आपण महिन्याला किती देऊ शकतो तो आकडा. तोंडी बोलून यायचं नाही, अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा, आणि घरी आल्यावर तेच ईमेलने परत पाठवायचं.

मागायचं काय? सगळ्यात आधी रेट. आमचं लोन २०१४ चं, बँकेच्या जुन्या पद्धतीच्या व्याजदरावर, बेस रेटवर चाललेलं आणि आम्हाला पत्ताच नाही. ऑक्टोबर २०१९ पासून बँकांची नवीन फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाची, होम लोनं रेपोसारख्या (रिझर्व्ह बँक ठरवते तो) बाहेरच्या दराला जोडलेली असतात, जुन्या ग्राहकाला छोटी फी भरून त्यात जाता येतं, पण मागितल्याशिवाय कोणी देत नाही. आमचा रेट जवळपास दोन टक्क्यांनी उतरला. एका सहीवर! सात वर्षं आम्ही ती केली नव्हती. दुसऱ्या बँकेत ट्रान्सफर पण होतं आणि फ्लोटिंग रेटच्या होम लोनला आधी फेडण्याचा दंड नाही, पण त्यासाठी क्रेडिट स्कोअर धड लागतो, म्हणजे हा मार्ग बुडायला लागायच्या आधीचा.

मग मुदत वाढवणं. समजा ३६ लाख बाकी आहेत, ९ टक्के, १५ वर्षं राहिलीत, तर हप्ता साधारण ३६,५०० बसतो. तीच मुदत २५ वर्षं केली तर हप्ता ३०,२०० च्या आसपास येतो, महिन्याला सहा हजारांची हवा मिळते, पण एकूण व्याज तीसेक लाखांवरून ५४-५५ लाखांवर जातं. म्हणजे हे औषध आहे, जेवण नाही. श्वास परत आला की हप्ता पुन्हा वाढवून घ्या. बँक निवृत्तीचं वय बघूनच मुदत देते, पन्नाशीच्या पुढच्यांना फार मिळत नाही.

आणि बँकेत बसलात की समोरचा हमखास एक ऑफर देतो, टॉप-अप घ्या आणि सगळी कार्डं मिटवा, व्याज चाळीस टक्क्यांवरून दहावर येईल. गणित खरं आहे. कार्डावर दोन लाख असतील तर महिना साडेतीन टक्क्यांनी ७,००० व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे आणखी १,२६०, तुम्ही १०,००० भरले तर मुद्दलात जेमतेम १,७४० जातात. पण टॉप-अप घेतला की जे कर्ज घराला हात लावू शकत नव्हतं ते तुम्ही स्वतः सही करून पहिल्या ढिगात नेऊन ठेवलंत. नोकरी पक्की असेल आणि कार्डं कात्रीने कापणार असाल तर घ्या. आमच्या चाळीतल्या जुन्या शेजाऱ्यांनी टॉप-अप घेतला, कार्डं रिकामी झाली, वर्षभरात ती परत भरली, आता दोन्ही आहे.

घरातून पैसा कुठून काढायचा

चहा-वडापाव बंद करून घर वाचत नाही हो, ते आधी डोक्यातून काढा. मोठ्या गोष्टी बघायच्या. एलआयसीच्या जुन्या पॉलिसीवर कर्ज मिळतं आणि ते कार्डापेक्षा कितीतरी स्वस्त. चारचाकी असेल तर विका. पीएफमधून घराच्या कर्जासाठी काढता येतात, पण ते फक्त पहिल्या ढिगासाठी काढायचे, कार्डवाल्याला देण्यासाठी अजिबात नाही, कारण पीएफ आणि पीपीएफवर कोर्टाचीसुद्धा जप्ती येत नाही, ते तुमचं शेवटचं कवच आहे.

आपला फ्लॅट भाड्याने देऊन लांब राहायला जाणं हा मुंबईतला हुकमी उपाय समजला जातो, त्याचा हिशोब नीट मांडा. आमच्या फ्लॅटला १९ हजार भाडं मिळत होतं, बदलापूरला सात हजारात घर मिळत होतं, म्हणजे हातात बारा. त्यातून सोसायटीचे नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस (मालक स्वतः राहत नसला की लागतात, पण मेंटेनन्समधल्या सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतात, जास्त मागितले तर भांडा), वाढीव पास, शाळा बदलणं. तरीही आम्ही दोन वर्षं केलं, सकाळी ६.४० ची लोकल पकडून. भाड्याने ईएमआय निघतो हा मात्र भ्रम आहे, मुंबईत भाड्यातून अर्धा हप्ता निघाला तरी खूप. लिव्ह अँड लायसन्सचा करार रजिस्टर करा, आणि बँकेची परवानगी लेखी घ्या. हेवी डिपॉझिटच्या वाटेला जाऊ नका. दहा लाख एकदम हातात येतात, भाडं शून्य, आणि करार संपताना ते दहा लाख परत द्यायचे कुठून? ते नवीन कर्जच आहे, फक्त त्याला व्याज दिसत नाही.

तिसऱ्या ढिगाशी कसं बोलायचं

वसुलीवाल्यांनी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, शिवीगाळ नाही, शेजारी-नातेवाईकांना सांगून बदनामी नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. दारात आला तर ओळखपत्र आणि बँकेचं अधिकारपत्र मागा. कॅश कधीच देऊ नका. फोन आला की एकच वाक्य, 'लेखी पाठवा, मी लेखी उत्तर देते.' त्रास थांबत नसेल तर आधी बँकेकडे तक्रार, ३० दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, ऑनलाईन होते, फुकट आहे, माहितीसाठी १४४४८. फोटो मॉर्फ करणारे, कॉन्टॅक्ट लिस्टला मेसेज पाठवणारे ॲपवाले असतील तर सरळ १९३० वर सायबर गुन्ह्याची तक्रार.

सेटलमेंट करायची तर एकरकमी पैसे हातात असतील तेव्हाच बोलणी सुरू करा. पहिली ऑफर घेऊ नका. रक्कम, तारीख, आणि 'यानंतर काही बाकी नाही' हे बँकेच्या लेटरहेडवर आल्याशिवाय एक रुपया टाकायचा नाही, एजंटच्या व्हॉट्सॲप मेसेजला किंमत नाही, आणि नंतर नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचा दाखला घ्या. रिपोर्टवर 'सेटल्ड' असा शेरा येतो आणि पुढे काही वर्षं नवं कर्ज अवघड होतं, पण खरं सांगू, त्या दिवसांत नवं कर्ज न मिळणं हीच चांगली गोष्ट होती. लोक अदालतीची नोटीस आली तर घाबरू नका, जा, तिथे तडजोड बरी होते. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो, महिलांना तर उत्पन्नाची अट नाही, फोन १५१००.

नोटीस आलीच तर

सरफेसीची पहिली नोटीस कलम १३(२) ची. ६० दिवस देतात. पाकिटावरची आणि नोटिशीवरची तारीख लगेच वहीत लिहा. या साठ दिवसांत लेखी हरकत देता येते, रक्कम चुकीची आहे, अमुक हप्ता धरलाच नाही, किंवा आमचा असा असा प्रस्ताव आहे, आणि बँकेला १५ दिवसांत त्याला उत्तर द्यावंच लागतं. बहुतेक लोक इथे काहीच पाठवत नाहीत. अजून एक, ही नोटीस मिळाल्यावर बँकेच्या लेखी परवानगीशिवाय फ्लॅट विकता किंवा भाड्याने देता येत नाही.

साठ दिवस गेले की ताबा. आधी सांकेतिक, म्हणजे दारावर नोटीस चिकटते आणि दोन पेपरांत छापून येते, त्यातला एक मराठी, म्हणजे नाव-फ्लॅट नंबरासकट सगळ्या सोसायटीला वाचायला. प्रत्यक्ष ताब्यासाठी बँक मॅजिस्ट्रेटकडून आदेश आणते. सांकेतिक ताब्यानंतर ४५ दिवसांत डीआरटीत, म्हणजे कर्जवसुली न्यायाधिकरणात, जाता येतं, इथे मात्र वकील हवाच, आणि त्याच कामाचा हवा. लिलावाआधी ३० दिवसांची नोटीस लागते. पूर्वी लिलाव होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता यायचं, २०१६ च्या दुरुस्तीनंतर ती मुदत लिलावाची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच आहे. गावची जमीन विकून पैसे येणार असतील तर त्या तारखेच्या आत यायला हवेत, नंतरच्या आठवड्यात नाही. थकबाकी मुद्दल-व्याजाच्या २० टक्क्यांपेक्षा कमी राहिली असेल तर सरफेसी लागूच होत नाही, शेवटच्या काही वर्षांत अडकलेल्यांनी हे वकिलाला जरूर विचारावं.

या दिवसांत घरातल्या माणसांकडे लक्ष असू द्या. माझा नवरा रात्री दोन-दोनला गॅलरीत उभा राहायचा. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलतात. आम्ही लावला होता.

घर विकावंच लागलं तर

वही मांडून सहा महिने नेटाने केलं आणि तरी दर महिन्याला खड्डा वाढतोच आहे असं दिसलं तर स्वतः विका, आणि १३(२) च्या आधी विका. लिलावात किंमत पडते, कमी पडलेली रक्कम तरीही तुमच्याच अंगावर राहते. गहाण फ्लॅट विकता येतो, बँकेकडून फोरक्लोजर लेटर (कर्ज बंद करायला किती भरायचे ते सांगणारं पत्र) आणि कागदपत्रांची यादी घ्यायची, घेणाऱ्याची बँक तुमच्या बँकेला परस्पर पैसे देते, उरलेले तुमचे. म्हाडाचं घर असेल तर पाच वर्षांची अट संपलीय का ते आधी बघा. ब्रोकरला घाई सांगू नका, घाई कळली की भाव दोन लाखांनी उतरतो.

आणि कर्ज कसंही फिटलं, विकून किंवा फेडून, तरी घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत द्यायची बँकेवर सक्ती आहे. उशीर बँकेमुळे झाला तर दिवसाला ५,००० रुपये तुम्हाला मिळायला हवेत. कागदपत्रं मागायच्या अर्जात हे लिहा आणि त्या ओळीखाली पेनाने रेघ मारून द्या, आमची फाईल अकराव्या दिवशी आली.